बचत गटात शिरलेलं कॉइन

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची, बायकांना विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॉइनवरची, चार पत्रं आली. खानापूर, बेळगाव, निपाणी आणि बंगळूरहून आलेली. पैशाचे प्रश्न एरवी कर्जमाफी, ठेवीचं व्याज नाहीतर वारसा नोंद असे असतात, त्यामुळे या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून ही चारच घेते. कोणाचंही नाव छापलेलं नाही. पत्रं थोडी आखडली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, आमच्या ग्रामपंचायतीच्या ओक्कूटची (बचत गटांच्या संघाची) अध्यक्षा. आमच्याकडे ४० गट, ४८० बायका आहेत. बेळगावहून एका डिजिटल चलनाच्या कंपनीची माणसं आली होती. महिला सबलीकरणासाठी त्यांनी ॲप काढलंय. बाईमागे वर्षाला १,२०० रुपये भरायचे. त्यात मोबाइलवर शिलाई, पॅकिंग, इंग्रजी बोलणं असे कोर्स, आपला माल ॲपवर विकायची सोय आणि वर १,००० कॉइन. कॉइनचा आजचा भाव ५ रुपये, म्हणजे १,२०० भरून ५,००० चा माल हातात, असं ते सांगतात. ओक्कूटला प्रत्येक सभासदामागे १२० रुपये देणार. निम्म्या बायका तयार आहेत, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या पैशातून एकदाच भरून टाकू म्हणतात. ठराव करावा का? कंपनीचे कागद जोडले आहेत.

उत्तर : अध्यक्षाबाई, ठराव करू नका. कागद पाठवलेत ते फार बरं झालं, नाहीतर मला नुसता अंदाजच करावा लागला असता.

अकरा पानी करार आहे, सगळा इंग्रजीत, बारीक टायपात. पहिल्या पानावर नऊवारीतली हसरी बाई, हातात मोबाइल. खरा मजकूर नवव्या पानावर आहे. तिथे तीन गोष्टी एकाखाली एक लिहिल्यात. मिळालेली कॉइनं २४ महिने विकता येणार नाहीत. त्यांचा भाव कंपनी वेळोवेळी ॲपवर जाहीर करील. आणि कंपनी कॉइनं परत विकत घ्यायला बांधील नाही. ही तीन वाक्यं त्या माणसांनी सभेत मराठीत वाचून दाखवली होती का? नसतील, तर पुढच्या सभेत तुम्ही वाचून दाखवा. दुसरं काही बोलायची गरज पडणार नाही.

आता हिशेब मांडू. ४८० बायकांचे १,२०० प्रमाणे ५,७६,००० रुपये होतात. त्यातले ५७,६०० ओक्कूटला गेले की कंपनीकडे ५,१८,४०० रोख राहतात. बदल्यात तुम्हाला ४,८०,००० कॉइनं, ५ रुपयांच्या भावाने २४ लाखांची. हे २४ लाख कोणाच्या खिशात आहेत? कोणाच्याच नाहीत. कॉइन तयार करायला कागदही लागत नाही. कॉम्प्युटरचं काम येणारा पोरगा तयार साच्यावरून एका दुपारी हवी तितकी काढून देतो. किती काढायची ते कंपनी ठरवते, भावही कंपनीच ठरवते. दुकानदार सुट्ट्या पैशांच्या जागी चॉकलेटं देतो, पण उद्या तीच चॉकलेटं घेऊन साखर मागितली तर देत नाही. तेवढीच या कॉइनची पत आहे.

सभेत कोणी तरी बिटकॉइनचं नाव काढेलच, म्हणून सांगून ठेवते. बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त कधीच निघणार नाहीत, हा नियम त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच घातलेला आहे आणि कोणा एका कंपनीला तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. भाव जगभरच्या खरेदी-विक्रीतून ठरतो. असं असूनही २०२१ च्या नोव्हेंबरात सुमारे ६९,००० डॉलरवर गेलेला भाव वर्षभरात १६,००० च्या खाली आला होता. ज्याला जगभर गिऱ्हाईक आहे त्याची ही गत. तुमच्या कॉइनला गिऱ्हाईक कोण, तर शेजारच्या ग्रामपंचायतीच्या बायका.

बँकेत बचत गटांची खाती माझ्या टेबलावर होती, तेव्हा नव्या गटाला मी एकच विचारायची : बाहेरचा पैसा कुठून येणार? गटातली बाई संकेश्वरी मिरचीचं तिखट करते, हुबळीचा दुकानदार विकत घेतो, तर पैसा बाहेरून आला. तुमच्या प्रस्तावात पैसा येतो तो ४८० बायकांकडूनच, आणि जातो कंपनीकडे. मालविक्रीची सोय आहे म्हणता, पण त्या ॲपवर आज माल विकत घेणारे किती, हे कागदात कुठेही नाही. विकणाऱ्या बायकांची नोंदणी मात्र जोरात चालू आहे.

कोर्सला कॉइन चिकटवून विकायची रीतही जुनी आहे. वनकॉइन नावाच्या आंतरराष्ट्रीय योजनेत हेच होतं. लोकांना शिक्षणाची पॅकेजं विकायची आणि सोबत टोकन द्यायची. मागे खरी साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनाची सामायिक नोंदवही) नव्हतीच. २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी तिच्या प्रचाराच्या बैठकीतून माणसं उचलली होती, आणि ती काढणारी रुजा इग्नातोवा २०२२ पासून अमेरिकेच्या एफबीआयच्या दहा ‘मोस्ट वाँटेड’ फरारींच्या यादीत आहे. तुमची कंपनी तसलीच, असं मी म्हणत नाही. घडण मात्र तीच आहे.

कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी नंबर, स्टार्टअप म्हणून मान्यता, यांच्या झेरॉक्स त्यांनी जोडल्यात. खऱ्याही असतील. पण कंपनी नोंदवलेली असणं वेगळं आणि लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी असणं वेगळं. २०२३ च्या मार्चपासून आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते. ती नोंद काळ्या पैशावर नजर ठेवायला आहे, कॉइनच्या भावाची हमी तिच्यात येत नाही.

आणखी एक बाब, जी फक्त तुमच्यासारखीलाच कळेल. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडणी सुरू केली. तेव्हापासून बँक गटाला कर्ज देते ती त्याची वही बघून : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड, नीट हिशेब. वहीत ‘कॉइन खरेदी’ अशी ओळ आली, तर पुढच्या कर्जाच्या वेळी एमबीके ताई (ओक्कूटची हिशेबवही लिहिणाऱ्या) ती कशी समजावणार? आणि गृहलक्ष्मीचे २,००० हे घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर येतात म्हणूनच ही माणसं आधी तुमच्या दारात आली. नवऱ्याच्या खिशातून १,२०० काढायला त्यांना जास्त बोलावं लागलं असतं.

त्यांना खरंच माल विकायचा असेल, तर एक उलटा प्रस्ताव द्या. फी नाही, कॉइन नाही. तीन महिने आमचा माल ॲपवर विका, विकलेल्यावर कमिशन कापा, बाकी रुपयांत गटाच्या खात्यावर टाका. ते १२० रुपयेही नको म्हणा. ते घेतले की उद्या बायका कंपनीच्या नाही, तुमच्या दारात येतील.

प्रश्न : मी मूळची बेळगावची, टिळकवाडीत वाढले. बंगळूरला एका डिजिटल चलनाच्या स्टार्टअपमध्ये आहे. आमचे लोक चोर नाहीत, हे आधी सांगते. कॉइन काढून दोन वर्षं झाली, पण त्याचा वापर होत नाही आणि गुंतवणूकदार विचारतात की उत्पन्न कुठे आहे. आता महिलांसाठी प्लॅटफॉर्म काढायचं ठरलंय. उत्पन्नाचे चार मार्ग धरलेत : वार्षिक फी, विक्रीवर ८ टक्के कमिशन, जाहिराती, आणि कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांना ग्राहक मिळवून देणं. अफगाणिस्तानातल्या मुलींना बिटकॉइनमध्ये मोबदला मिळाला, ते उदाहरण आमच्या प्रत्येक सादरीकरणात असतं. वडगावात आईचा गट आहे, साड्यांचं काम करतात. तो पहिला गट म्हणून जोडायला मला सांगितलंय. हे सगळंच चूक आहे का?

उत्तर : सगळंच नाही. तू प्रामाणिकपणे विचारलंस, म्हणून चारही मार्ग नीट बघू. (‘तू’ म्हटलं, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याच वयाची, तिकडेच असते.)

आधी ते अफगाणिस्तान. उदाहरण खरं आहे आणि चांगलं आहे, पण तुमच्या सादरीकरणात ते अर्धंच येत असणार. हेरातच्या रोया महबूब यांची सॉफ्टवेअर कंपनी होती. त्यांच्याकडे काम करणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मुलींपैकी अनेकींचं बँकेत खातं नव्हतं, आणि घरी रोख नेली तर ती बापाच्या, भावाच्या हातात जायची. न्यूयॉर्कची फिल्म ॲनेक्स ही कंपनी आणि त्या मिळून विमेन्स ॲनेक्स हे लेखनाचं संकेतस्थळ चालवत. तिथे लिहिणाऱ्या मुलींना मोबदला बिटकॉइनमध्ये मिळू लागला, कारण तो थेट मुलीच्या मोबाइलवर येई. आता तीन गोष्टी बघ. चलन त्यांचं स्वतःचं नव्हतं, ज्याला जगात भाव होता तेच वापरलं. पैसा बाहेरून यायचा, जाहिरातींतून, मुलींकडून नाही. आणि तिसरं म्हणजे बिटकॉइनने तिथली एक खरी अडचण सुटत होती. तरीसुद्धा मिळालेलं बिटकॉइन खर्च कुठे करायचं हा प्रश्न उरलाच, त्यासाठी त्यांना वेगळं ऑनलाइन दुकान काढावं लागलं.

वडगावात तुझ्या आईची कोणती अडचण कॉइनने सुटते? तिचं खातं आहे, मोबाइलवर यूपीआय आहे, गिऱ्हाईकाने खडेबाजारात उभं राहून पाठवलेले पैसे तिला त्याच मिनिटाला मिळतात, फुकट. उलट कॉइनमध्ये मोबदला दिलात तर तिच्यामागे कर लागतो. २०२२ च्या एप्रिलपासून आभासी चलन विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. बाईचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी या नफ्याला ती सवलत मिळत नाही. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून ठरावीक रकमेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, आणि तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरा. साडी विणून आलेल्या पैशावर एवढं झेंगट कशाला?

आता चार मार्ग. कमिशनला माझी काहीच हरकत नाही. साडी विकली तर ८ टक्के घ्या. नाही विकली तर तुम्हालाही काही मिळू नये. हा धंदा सरळ आहे, पण त्यात कष्ट आहेत. फोटो काढा, परत आलेला माल सांभाळा, कुरिअरशी भांडा. बहुतेक स्टार्टअपना तेच नको असतं. जाहिरातीही चालतील, मात्र शिलाई मशीन किंवा सूत विकणाऱ्यांच्या.

फी घ्यायची असेल तर ती बाईच्या पहिल्या कमाईनंतर घ्या. आधी घेतलेली फी हेच तुमचं मुख्य उत्पन्न झालं, तर वर्षभरात तुमच्याकडचे हुशार लोक साडी कशी विकायची हे सोडून फी कशी गोळा करायची याच्या मागे लागतील. चोर नसलेली माणसंही या रस्त्याने जातात. गेनबिटकॉइनचं प्रकरण तू लहान असताना गाजलं असेल. भरलेल्या बिटकॉइनवर महिन्याला १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असा वायदा होता. देणं झेपेना तेव्हा बिटकॉइनच्या जागी स्वतःचं एमकॅप नावाचं टोकन लोकांच्या हातावर ठेवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. तिथे पहिल्यापासूनच नियत काय होती ते कोर्ट बघेल, पण आपलं देणं आपल्याच टोकनमध्ये फेडायची सोय एकदा हाताशी आली की ती वापरायचा मोह कुठल्या कंपनीला सुटेल?

चौथा मार्ग सोडून द्या, एवढंच मी स्पष्ट सांगते. आपल्या जिल्ह्यात मायक्रोफायनान्सच्या वसुलीने काय झालंय ते तुझ्या आईला विचार. एकेका बाईवर चार-चार कर्जं, मंगळवार आला की दारात माणूस. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. सबलीकरणाच्या ॲपमध्ये बाई तिची विक्री, घरातली माणसं, उत्पन्न भरणार आणि ती यादी तुम्ही सावकाराला देणार, म्हणजे काय ते तुलाही कळतंय, म्हणूनच पत्रात तो मार्ग शेवटी लिहिलास. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. त्यात माहिती कशासाठी घेतली जातेय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा, असं सांगितलंय. मराठी त्यात आहे, कन्नडही आहे. तुमच्या ॲपमध्ये ते पान मराठीत लिहायला घे आणि ‘तुमची माहिती कर्ज कंपन्यांना दिली जाईल’ हे वाक्य स्वतःच्या हाताने टाइप कर. मग ते आईला वाचून दाखव.

तिचा गट जोडायचा का, हा निर्णय तिच्या गटाचा. तू त्याच कंपनीत नोकरी करतेस, हे सभेत तूच आधी सांग आणि मतदानाच्या वेळी बाहेर बस.

प्रश्न : रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया म्हणजे हेच का? आमच्याकडे आलेला माणूस म्हणाला की सरकारनेच कॉइन सुरू केलंय. — एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : नाही. ई-रुपया रिझर्व्ह बँकेने काढला, सामान्य लोकांसाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. एक ई-रुपया म्हणजे एक रुपया, आजही आणि पुढच्या वर्षीही. त्याच्यावर व्याज नाही, भाव वाढायचा प्रश्नच नाही. तो बँकेच्या ॲपमधून मिळतो, गल्लीत येऊन कोणी विकत नाही. ‘सरकारने काढलंय आणि दुप्पट होणार आहे’ असं एकाच दमात सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न : मी निपाणीची. आई विड्या वळते. वहिनीच्या सांगण्यावरून आई, मावशी आणि मी मिळून ३,६०० रुपये अशाच एका महिला ॲपमध्ये भरले. ॲपवर आमच्या नावाने १८,००० दिसतात. ‘काढा’ बटण दाबलं की आधी नेटवर्क शुल्क ८०० रुपये भरा असं येतं. वहिनीने अजून ११ जणींना जोडलंय, तिला त्यावर कमिशन मिळालं. पोलिसांत गेलं तर ती अडकेल का? घरात बोलणं बंद झालंय.

उत्तर : ते ८०० भरू नका. शुल्क कापायचंच असतं तर त्या १८,००० मधून कापलं असतं. आज भरलंत तर उद्या कराचे मागतील, परवा ‘खातं गोठलंय’ म्हणून.

आज रात्रीच, ॲप चालू आहे तोवर, स्क्रीनचे फोटो काढून ठेवा : शिल्लक दिसते ते पान, ८०० मागणारं पान, तुमचा आयडी. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराचा नंबर आणि पैसे ज्या नावावर गेले ते नाव लिहून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, तिथले मेसेजच पुरावा आहेत. १९३० या नंबरवर फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे भरून थोडेच दिवस झाले असतील तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. महिने लोटले असतील तर फार आशा धरू नका. जिल्ह्यात सायबर आणि आर्थिक गुन्ह्यांसाठी सेन पोलीस ठाणं आहे, तिथे सगळ्याजणी मिळून जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी कर्नाटकाचा २००४ चा कायदा आहे. त्याखाली कंपनीची मालमत्ता जप्त करून लोकांची देणी भागवता येतात. तुमचं प्रकरण त्यात बसतं का ते तपासात ठरेल, पण एकटीच्या १,२०० रुपयांपेक्षा चौदाजणींची एकत्र तक्रार वजनदार होते.

वहिनीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. माणसं जोडून पैसा फिरवायच्या योजनांवर १९७८ पासून बंदी आहे, आणि त्या कायद्यात योजना चालवणाऱ्याबरोबर दुसऱ्यांना त्यात ओढणाऱ्यालाही धरता येतं. पण ती स्वतः फसलेलीच आहे, तिनेही पैसे भरलेत. म्हणून तिच्याविरुद्ध जायच्या आधी तिला सोबत घ्या. तिला कोणी जोडलं, सभा कुठे झाली, वरचा माणूस कोणत्या नंबरवरून बोलायचा, हे तुमच्यापेक्षा तिला ठाऊक आहे, आणि पोलिसांना तेच हवं असतं. कमिशनचे जे रुपये तिच्या खात्यात खरोखर आले, ते तिने त्या ११ जणींना वाटून द्यावेत, खात्यावरूनच, म्हणजे नोंद राहील. ॲपवर दिसणारं कमिशन मोजू नका, त्याला काही अर्थ नाही. शक्य झालं तर जायच्या आधी तिने एखाद्या वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना तो फुकट मिळतो.

ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहून घेतील. आईला कन्नड वाचता येत नसेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा, रक्कम आणि तारखा पडताळा, मगच अंगठा किंवा सही, आणि प्रत मागून घ्या. तक्रार झाल्यावर काही दिवसांत ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडे भरा’ असा फोन येण्याचा फार संभव आहे. तो त्यांच्यातलाच कोणी असतो. मोबाइलवरचे बारा शब्द (कॉइनच्या पाकिटाची चावी) किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा, आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.